दूरच्या, दीर्घ आवर्तकाळाच्या धूमकेतूची कक्षा कशी काढतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा धूमकेतू सापडल्याची बातमी आली की दोनच दिवसांत पहिला प्रश्न येतो, "हा परत कधी येणार?" त्याचं खरं उत्तर द्यायला कधी कधी चार-पाच वर्षं लागतात. ती का लागतात आणि तोवर हातातल्या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा, याच अंगाने बहुतेक प्रश्न विचारले जातात. इथे "दूरचा" म्हणजे साधारण ८ ते ३० खगोलीय एकक अंतरावर सापडलेला धूमकेतू. पुढे नुसतं "एकक" लिहिलं आहे. १ एकक म्हणजे १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर.

१. कक्षा काढायची म्हणजे नेमके कोणते आकडे काढायचे?

सहा आकडे काढायचे असतात. उपसूर्य अंतर (सूर्याच्या सर्वांत जवळचा बिंदू किती दूर आहे), उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे; वर्तुळाला शून्य), कल (क्रांतिवृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या कक्षेच्या प्रतलाशी कक्षेचा कोन), आरोही पाताचा (धूमकेतू ते प्रतल दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडतो त्या बिंदूचा) रेखांश, पातापासून उपसूर्य बिंदूपर्यंतचा कोन आणि उपसूर्याचा क्षण. यांच्यासोबत सातवी गोष्ट हवीच, ती म्हणजे हे आकडे कोणत्या तारखेचे आहेत. ग्रहांच्या ओढीने ते रोज थोडे थोडे सरकतात, त्यामुळे तारखेशिवाय दिलेली कक्षा अर्धवट असते.

लघुग्रहांसाठी अर्ध-दीर्घ अक्ष देतात, इथे देत नाहीत. उत्केंद्रता १ च्या जवळ असली की हा अक्ष अनंताकडे पळतो आणि गणितात त्याचा उपयोग राहत नाही. म्हणून त्याचा व्यस्त, १/ए, वापरतात (ए म्हणजे एककांत अर्ध-दीर्घ अक्ष). तो शून्याच्या अलीकडे-पलीकडे सरळ चालतो.

सहाही आकडे एकाच वेळी पक्के होत नाहीत. आधी कक्षेचं प्रतल, म्हणजे कल आणि पात, स्थिरावतं. मग उपसूर्य अंतर आणि क्षण. उत्केंद्रता सगळ्यांत शेवटी.

२. "दीर्घ आवर्तकाळ" किती वर्षांपासून पुढे? आणि नावातल्या अक्षरांचा अर्थ काय?

रूढ सीमा २०० वर्षांची आहे. नावाआधी "पी" असेल तर तो आवर्ती धूमकेतू, "सी" असेल तर दीर्घ आवर्तकाळाचा, "डी" म्हणजे हरवलेला किंवा नष्ट झालेला, "आय" म्हणजे आंतरतारकीय. त्यापुढे शोधाचं वर्ष, महिन्याचा अर्धा भाग दाखवणारं अक्षर आणि क्रमांक येतो. सी/२०२३ ए३ म्हणजे २०२३ च्या जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात नोंदला गेलेला तिसरा. काही नावांत दोन अक्षरं असतात, उदाहरणार्थ सी/२०१४ यूएन२७१. आधी लघुग्रह समजून नाव दिलं गेलं आणि धूमकेतूपण नंतर ध्यानात आलं की असं होतं.

३. तीन निरीक्षणांवरून कक्षा निघते असं पुस्तकात वाचलं. मग दूरच्या धूमकेतूला महिने का लागतात?

पुस्तकातलं बरोबरच आहे. एका निरीक्षणातून विषुवांश आणि क्रांती असे, आकाशातली जागा सांगणारे दोन आकडे मिळतात, तिनांतून सहा, आणि शोधायचेही सहाच. गणितज्ञ गाऊसने १८०१ मध्ये हरवलेला सेरेस (तेव्हा नुकताच सापडलेला लघुग्रह) याच विचाराने पुन्हा गाठून दिला. पण सेरेसच्या हातात सुमारे ४१ दिवसांच्या नोंदी होत्या आणि तो ३ एककांच्या आत होता. अंतर वाढलं की हीच रीत पांगळी होते.

समजा धूमकेतू सूर्यापासून २० एकक दूर आहे, उपसूर्य अंतर २ एकक आहे आणि तो प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे. पृथ्वी दिवसाला ०.०१७२ एकक सरकते, त्यामुळे १९ एककांवरचा तो बिंदू ताऱ्यांमधून रोज सुमारे १८७ विकला (१ विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग), म्हणजे तासाला ७.८ विकला उलटा सरकताना दिसतो. ही जवळजवळ सगळी चाल आपली आहे. त्याची स्वतःची आडवी चाल सेकंदाला साधारण ३ किलोमीटर, म्हणजे रोज १८ विकलांच्या आसपास. आठवडाभरात फक्त दोन्हींची बेरीज दिसते. ती बेरीज "२० एककांवरचा, आपल्याच दिशेने चाललेला" आणि "१८ एककांवरचा, वेगळ्या दिशेने चाललेला" अशा दोन्ही धूमकेतूंना सारखीच लागू पडते.

त्यातच प्रतियुतीला पृथ्वीच्या गतीतला बदल नेमका दृष्टिरेषेतच असतो. त्यामुळे आठवड्याचा माग जवळपास सरळ रेषा होते आणि सरळ रेषेतून अंतर निघत नाही. धूमकेतू सूर्यापासून ९० अंशांच्या आसपास असताना चित्र पालटतं. तेव्हा एकसमान गतीने चालला असता तर मधल्या रात्री जिथे दिसायला हवा होता, तिथून तो आठवड्याच्या मागात सुमारे १९ विकला सरकलेला दिसतो. हे मोजता येतं, आणि अंतर त्यातूनच हाती लागतं. म्हणून फक्त प्रतियुतीभोवती भरपूर नोंदी घेण्यापेक्षा दोन्ही बाजूंच्या चौरस स्थितींत थोड्या नोंदी घेतलेल्या जास्त कामाच्या. नवशिक्यांच्या वेळापत्रकात नेमक्या याच रात्री सुटलेल्या असतात.

४. पहिल्या जाहीर झालेल्या कक्षेत उत्केंद्रता नेमकी १.० कशी? इतकी अचूक मोजली का?

मोजलेली नसते, धरलेली असते. दीर्घ आवर्तकाळाचे धूमकेतू इतक्या लांबट कक्षेत फिरतात की आपल्या बाजूचा तुकडा अन्वस्तासारखाच (उत्केंद्रता नेमकी १ असलेल्या, कधीच न मिटणाऱ्या वक्रासारखाच) दिसतो. उत्केंद्रता १ धरली की अज्ञातं सहाऐवजी पाच उरतात आणि अपुऱ्या नोंदींतूनही समजण्यासारखं उत्तर मिळतं. ही युक्ती जुनी आहे. ओल्बर्सने अन्वस्त कक्षा काढण्याची सोपी रीत १७९७ मध्ये दिली, आणि हॅलीने १७०५ मध्ये छापलेल्या २४ धूमकेतूंच्या कक्षाही अन्वस्तच होत्या.

तक्त्यात "१.०" असेल आणि पुढे अनिश्चितता दिलेली नसेल, तर तो आकडा गृहीतक समजा. "०.९९९८३ ± ०.००००४" असं लिहिलं असेल तर तो मोजलेला. उत्केंद्रता मोकळी कधी सोडायची, ते प्रश्न १० मध्ये आहे.

५. १९ ते २१ प्रतीचा (प्रत म्हणजे तेजस्वितेचं माप, आकडा मोठा तितकी वस्तू मंद) मंद धूमकेतू टिपायचा आहे. एक्सपोजर किती द्यावं, किती फ्रेम घ्याव्या?

नियम साधा आहे: एका फ्रेममध्ये धूमकेतू ताऱ्याच्या ठिपक्याच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त सरकू नये. ठिपका २ विकलांचा आणि चाल तासाला ७.८ विकला असेल तर ७ मिनिटांपर्यंत चालतं. तरीही २ ते ३ मिनिटांच्या फ्रेम घेणं शहाणपणाचं. ट्रॅकिंगची चूक, उपग्रहाची रेघ, ढगाचा पट्टा यांपैकी काहीही आलं तर एक छोटी फ्रेम जाते, सगळी रात्र जात नाही. पिक्सेल असा निवडा की ठिपक्याच्या रुंदीत दोन-तीन पिक्सेल बसतील.

फ्रेम एकमेकींवर रचताना धूमकेतूच्या चालीने सरकवून रचायच्या. दोन तासांच्या रचनेत चालीचा अंदाज तासाला अर्ध्या विकलेने चुकला तरी ठिपका एक विकला फरफटतो. नुकत्याच सापडलेल्या धूमकेतूसाठी म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या चालींनी रचून पाहा आणि ज्यात ठिपका सर्वांत घट्ट दिसेल ती ठेवा.

एका रात्री ३०–४० मिनिटांच्या अंतराने तीन किंवा चार स्वतंत्र रचना करा. दोन तासांत तो १६ विकला सरकलेला दिसला की तो खरा आहे याची खात्री पटते. एकच मोठी रचना केली तर ही खात्री करता येत नाही. सिग्नल आणि गोंगाट यांचं गुणोत्तर ५ असेल तर २ विकलांच्या ठिपक्याचं केंद्र जेमतेम ०.१७ विकलेपर्यंत सापडतं, १० असेल तर ०.०८५ पर्यंत. ५ च्या खाली मोजू नये. क्षितिजापासून ३० अंशांच्या खाली असेल तेव्हाही शक्यतो टाळा, कारण तिथे हवेतलं वक्रीभवन रंगानुसार वेगळं होतं.

६. धूमकेतू पसरट दिसतो. केंद्र नेमकं कुठे धरायचं?

सर्वांत तेजस्वी, घट्ट बिंदूवर. कोमाच्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या वायू-धुळीच्या ढगाच्या मध्यावर नाही. कोमा शेपटीच्या बाजूला जास्त पसरलेला असतो, त्यामुळे मोजणीचं वर्तुळ मोठं घेतलं की केंद्र हळूच शेपटीकडे सरकतं. ही चूक प्रत्येक रात्री एकाच बाजूला होते म्हणून जास्त त्रास देते. हजार नोंदी घेतल्या तरी सरासरीत ती जात नाही.

करायचं असं: एकाच रचनेवर वर्तुळाची त्रिज्या ठिपक्याच्या रुंदीएवढी, मग दीडपट, मग दुप्पट घेऊन तीन वेळा मोजा. स्थान त्रिज्येबरोबर एकाच दिशेने सरकत असेल तर सर्वांत लहान त्रिज्येचं माप ठेवा आणि सरकण्याचा आकडा अनिश्चिततेत धरा. मागे अंधूक तारा लपलेला असण्याची शक्यताही तपासा. त्याच जागेचं जुनं, खोल छायाचित्र शेजारी ठेवलं की दोन मिनिटांत कळतं.

७. वेळ किती अचूक लागते?

दूर असताना फारशी नाही. २० एककांवर पूर्ण एका मिनिटाची चूक ०.१३ विकला देते. पण तोच धूमकेतू जवळ येऊन तासाला २०० विकला धावू लागला की एका सेकंदाची चूकही ०.०६ विकला होते. म्हणून सवय पहिल्यापासून एक सेकंदाच्या आतली ठेवा, घड्याळ जीपीएसशी किंवा इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवा.

नेहमी होणारी चूक वेगळीच असते. नोंदीची वेळ म्हणजे एक्सपोजरच्या सुरुवातीची नाही, मध्याची. आणि रचलेल्या चित्रासाठी सगळ्या वापरलेल्या फ्रेमच्या मध्यवेळांची सरासरी. ढगामुळे मधल्या दहा फ्रेम काढून टाकल्या तर ही सरासरी बदलते, आणि सुरुवात-शेवटाचा मध्य धरणारा तिथे फसतो.

८. ताऱ्यांचा कोणता कॅटलॉग वापरायचा?

गाया, म्हणजे त्याच नावाच्या अंतराळयानाने मोजलेला. सध्या त्याची तिसरी आवृत्ती डीआर३, जो जून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली स्थानं २०१६.० या काळासाठी आहेत, म्हणून ताऱ्यांची स्वतःची गती लावून ती निरीक्षणाच्या तारखेला आणावी लागतात. बहुतेक सॉफ्टवेअर हे आपोआप करतं, तरी सेटिंग एकदा बघाच. जुन्या कॅटलॉगांत आकाशाच्या काही भागांत विकलेच्या दशांशांएवढी पद्धतशीर सरक आहे. जुन्या नोंदी वापरताना ती दुरुस्ती लावल्याशिवाय पुढे जाऊ नका.

९. नोंद कुठे आणि कशी पाठवायची?

मायनर प्लॅनेट सेंटरला, म्हणजे लघुग्रह-धूमकेतूंच्या नोंदी गोळा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय केंद्राला. त्यासाठी वेधशाळेचा तीन अक्षरांचा संकेतांक लागतो. तो नसेल तर आधी क्रमांकित लघुग्रहांच्या नोंदी पाठवून मोजमाप नीट आहे हे दाखवावं लागतं. नोंदींचा जुना साचा ८० रकान्यांचा, नवा एडीईएस नावाचा. नव्यात प्रत्येक नोंदीची अनिश्चितता सोबत देता येते, म्हणून तोच वापरा. नवा, पुष्टी न झालेला धूमकेतू असेल तर तो आधी संभाव्य धूमकेतूंच्या पुष्टी-पानावर जातो. इतर ठिकाणांहून नोंदी आल्यावर त्याला नाव मिळतं.

१०. नोंदी हातात आहेत. कक्षा प्रत्यक्ष बसवायची कशी?

फाइंड ऑर्बसारखं कक्षा काढणारं सॉफ्टवेअर घ्या, नाहीतर स्वतःचा प्रोग्राम लिहा. क्रम सारखाच राहतो.

आधी उत्केंद्रता १ वर बांधून टाका. मग पहिल्या नोंदीच्या वेळचं अंतर ५, १०, १५, २०, ३० एकक असं एकेक धरून प्रत्येक वेळी कक्षा बसवा आणि आरएमएस, म्हणजे निरीक्षण आणि गणित यांतल्या फरकांचं सरासरी माप, लिहून ठेवा. ८ ते १८ एककांपर्यंत ते ०.३५ विकलाच राहत असेल तर अंतर "१३ एकक" नाही. ते "८ ते १८ च्या मध्ये कुठेतरी" आहे, आणि सांगायचंही तसंच. हा छोटा तक्ता न करता थेट उत्तराकडे उडी मारणं ही सर्वांत महागात पडणारी घाई.

अंतराचा पट्टा एक-दोन एककांवर आला की सगळ्या ग्रहांची ओढ चालू करा. प्रकाशाचा प्रवासवेळ धरला आहे ना, तेही पाहा: दर एककाला सुमारे ४९९ सेकंद, म्हणजे २० एककांवर पावणेतीन तास. तेवढ्यात धूमकेतू ९४ हजार किलोमीटर पुढे गेलेला असतो. यानंतर लीस्ट स्क्वेअर्सने, म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज सर्वांत कमी करणाऱ्या रीतीने, पाच घटक एकदम सुधारा.

उत्केंद्रता मोकळी सोडायची ती शेवटी, आणि तीही दोन अटींवर: सोडल्याने आरएमएस खरोखर उतरलं पाहिजे, आणि मिळालेला १/ए आपल्या अनिश्चिततेच्या तिप्पट तरी असला पाहिजे. नाहीतर अन्वस्तच ठेवा.

याला इतका वेळ का लागतो, ते एका हिशेबातून दिसतं. १/ए शून्य असलेला आणि ०.०००१ असलेला, असे दोन धूमकेतू २० एककांवर जवळजवळ एकाच वेगाने येतात. सेकंदाला ९.४ किलोमीटरच्या वेगात फरक फक्त ४.७ मीटरचा! वर्षभरात हा फरक दीड लाख किलोमीटरच्या आसपास, म्हणजे ०.००१ एकक होतो, आणि तोही बहुतेक दृष्टिरेषेत. आकाशात तो आपल्याला फक्त पराशयातून, म्हणजे पृथ्वी फिरल्यामुळे दिसणाऱ्या सरकण्यातून कळतो. ते सरकणं १०,३०० विकलांचं आहे आणि त्यात फरक पडतो अर्ध्या विकलेचा. सगळा निकाल त्या अर्ध्या विकलेवर लागतो. चार वर्षांत तोच फरक दोन विकलांवर जातो.

११. सॉफ्टवेअरने उत्केंद्रता ७ दिली, कधी अंतर जवळजवळ शून्य दाखवतं. नोंदी चुकल्या का?

बहुधा नाही. गाऊसच्या रीतीत अंतरासाठी आठव्या घाताचं समीकरण येतं आणि त्याला एकाहून जास्त उत्तरं असू शकतात. त्यातलं एक म्हणजे निरीक्षकाची स्वतःची, म्हणजे पृथ्वीचीच कक्षा. अंतर शून्याजवळ आणि उत्केंद्रता ०.०१७ च्या आसपास दिसली की ते हेच. तिथे थांबू नका.

उत्केंद्रता भलतीच आली तर सुरुवातीचा अंदाज खऱ्या उत्तरापासून इतका लांब आहे की सुधारणेची पायरी डोंगराच्या पलीकडे पडते. पायरी निम्मी करा, अंतर बांधून प्रश्न १० मधल्या तक्त्यापासून पुन्हा सुरू करा, आणि सगळ्या नोंदी एकदम न टाकता तारखेप्रमाणे थोड्या थोड्या वाढवा.

१२. रेसिड्युअल (निरीक्षण आणि गणित यांतले फरक) किती असले की चांगले? वाईट नोंद कधी टाकायची?

नीट घेतलेल्या नोंदीत ०.१ ते ०.३ विकला, लहान दुर्बिणीने मंद धूमकेतू टिपला असेल तर ०.५ पर्यंत. जुन्या प्लेटांवर एक विकला किंवा जास्त. पण आकड्यापेक्षा ते कसे बदलतात ते बघा. फरक वर्षाच्या चक्राने वरखाली होत असतील तर अंतर चुकलं आहे. एकाच दिशेने हळूहळू वाढत असतील तर कुठलं तरी बल राहून गेलं आहे (प्रश्न १७). फक्त चालीच्या दिशेने असतील तर वेळ, फक्त शेपटीच्या दिशेने असतील तर केंद्र (प्रश्न ६). एकाच ठिकाणच्या सगळ्या नोंदी सरकलेल्या असतील तर त्या ठिकाणची वेळ किंवा कॅटलॉग तपासा.

अनिश्चिततेच्या तिप्पट पलीकडची नोंद बाजूला ठेवावी, पण सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी नोंद अशी डोळे झाकून काढू नये. कक्षेला तोलून धरणारी तीच असते. मूळ चित्र पुन्हा मोजल्याशिवाय तिला हात लावू नका.

वजनाचाही प्रश्न आहे. एकाच जागेच्या, एकाच रात्रीच्या ४० नोंदी म्हणजे ४० स्वतंत्र मापं नव्हेत. त्यांत तीच हवा आणि तीच चूक आहे. चाराहून जास्त असतील तर प्रत्येकीची अनिश्चितता संख्येच्या चौथ्या भागाच्या वर्गमुळाने वाढवा. ४० नोंदींना साधारण ३.२ पट. मग त्या चार नोंदींएवढंच बोलतात.

१३. जुन्या छायाचित्रांत धूमकेतू शोधल्याने खरंच इतका फरक पडतो?

पडतो. पुढे वाट पाहून मिळणारी चार वर्षं मागे जाऊन एका दुपारीत मिळू शकतात. सी/२०१७ के२ हा मे २०१७ मध्ये १६ एककांवर सापडला आणि मग मे २०१३ च्या चित्रांत, जवळपास २४ एककांवर, आधीच टिपलेला आढळला. सी/२०१४ यूएन२७१ तर २०१४ ते २०१८ च्या सर्वेक्षण-चित्रांतच दडलेला होता. २०२१ मध्ये जाहीर झाला तेव्हा पहिल्याच दिवशी हातात काही वर्षांचा माग होता. म्हणूनच २०३१ च्या जानेवारीत १०.९५ एककांवर उपसूर्य हे लगेच ठामपणे सांगता आलं.

करायचं असं: आत्ताच्या कक्षेवरून मागच्या तारखांची स्थानं आणि त्यांभोवतीची अनिश्चिततेची लंबट पट्टी काढा. कॅनडाच्या खगोल-विदा केंद्राची सौरमालेतल्या वस्तूंसाठीची चित्रशोध सेवा कुठल्या चित्रांत ती जागा येते ते सांगते. चित्राची खोली अपेक्षित प्रतीला पुरते का ते आधी पाहा, नाहीतर दिवस वाया जातो. ठिपका मिळाला की तीन गोष्टी तपासा: दुसऱ्या तारखेच्या चित्रात तिथे तारा नाही ना, त्याच रात्रीच्या दोन चित्रांत तो अपेक्षित चालीने सरकतो ना, आणि तो पट्टीच्या लांबीवर पडतो ना. पट्टीच्या बाजूला पडलेला ठिपका कितीही हवाहवासा वाटला तरी आपला नाही. हेडरमधली वेळ सुरुवातीची की मध्याची, हेही वाचा.

१४. उत्केंद्रता १.०००८ आली. हा आंतरतारकीय धूमकेतू आहे का?

जवळजवळ नक्कीच नाही. आंतरतारकीय पाहुणे एवढे काठावर नसतात. १आय/ओमुआमुआची उत्केंद्रता १.२०, २आय/बोरिसोव्हची ३.३६ आणि जुलै २०२५ मध्ये सापडलेल्या ३आय/ॲटलासची ६ च्या वर. इतर ताऱ्यांकडून येणाऱ्या वस्तूचा सूर्याशी सापेक्ष वेग सेकंदाला दहा-वीस किलोमीटर किंवा जास्त असतो. १/ए उणे ०.०००१ असेल तर दूरवरचा शिल्लक वेग सेकंदाला ०.३ किलोमीटर भरतो. तो परक्या ताऱ्याचा म्हणता येत नाही.

काठावरच्या अपास्ताची (उत्केंद्रता १ पेक्षा किंचित जास्त असलेल्या कक्षेची) कारणं तीन: सूर्याऐवजी वस्तुमानमध्य न धरणं (प्रश्न १५), वायूंचा धक्का न धरणं (प्रश्न १७), किंवा गुरूने खरोखर दिलेला झटका (प्रश्न १८).

१५. "मूळ कक्षा" म्हणजे काय? आणि सूर्याऐवजी वस्तुमानमध्य का धरायचा?

मूळ कक्षा म्हणजे धूमकेतू ग्रहांच्या प्रदेशात शिरण्याआधीची. आजच्या कक्षेवरून सगळ्या ग्रहांसह मागे मागे जात तो २५० एककांवर होता तिथे थांबतात आणि तिथला १/ए सौरमालेच्या वस्तुमानमध्याच्या संदर्भात काढतात. पुढे २५० एककांवर नेऊन मिळते ती भावी कक्षा.

सूर्य स्वतः स्थिर नसतो. एकट्या गुरूमुळे तो सेकंदाला सुमारे १३ मीटरने डुलतो. २० एककांवरच्या धूमकेतूचा वेग या डुलणाऱ्या सूर्याशी मोजला तर १/ए मध्ये ०.०००२७ पर्यंत खोटी सरक येते. ऊर्ट मेघातून (सौरमालेच्या अगदी बाहेरच्या काठावरच्या, बर्फाळ पिंडांच्या साठ्यातून) येणाऱ्या धूमकेतूंचा सगळा १/ए ०.०००१ च्या आत असतो, म्हणजे चूक मापाच्या अडीचपट! त्याचबरोबर दूर गेल्यावर ग्रहांचंही वस्तुमान सूर्यात मिळवावं लागतं, एकूण १.००१३४ सौर वस्तुमान.

हे आकडे बारीक असल्याने १/ए दशलक्षांशांत लिहितात. ०.००००४ ऐवजी नुसतं "४०".

१६. एकाच धूमकेतूचा आवर्तकाळ एका ठिकाणी २० लाख वर्षं, दुसरीकडे १ कोटी. कोण चुकलं?

बहुधा कोणीच नाही. १/ए ४० ± २० असेल तर अर्ध-दीर्घ अक्ष १६,७०० ते ५०,००० एककांच्या मध्ये कुठेही असू शकतो, आणि आवर्तकाळ साडेएकवीस लाख ते एक कोटी बारा लाख वर्षं. मोजमाप तेच, पण व्यस्त घेऊन दीड घात केला की अनिश्चितता अशी फुगते. म्हणून १/ए आणि त्याची अनिश्चितता पाहा, वर्षांचा आकडा नंतर.

आणखी एक तपासा: तो मूळ कक्षेचा आकडा, भावी कक्षेचा की आजच्या तारखेचा? तिन्ही वेगळे येतात. हेल-बॉप आत येताना सुमारे ४,२०० वर्षांच्या कक्षेत होता. एप्रिल १९९६ मध्ये तो गुरूपासून ०.७७ एककांवरून गेला आणि बाहेर जाताना तोच काळ सुमारे २,५०० वर्षांवर आला.

१७. अ-गुरुत्वीय बल कधी धरायचं?

बर्फाची वाफ होऊन निघणारा वायू धूमकेतूला उलट बाजूला ढकलतो. मार्सडेन, सेकानिना आणि येओमन्स यांनी १९७३ मध्ये दिलेली रीत आजही चालते: सूर्यापासून दूर, कक्षेच्या दिशेने आणि प्रतलाला लंब असे तीन गुणांक, आणि अंतरानुसार बल कसं घटतं याचं एक सूत्र. ते सूत्र पाण्याच्या बर्फासाठी आहे, २.८ एककांच्या पलीकडे ते झपाट्याने शून्याकडे जातं. पण के२ सारखे धूमकेतू २४ एककांवरही सक्रिय असतात. तिथे पाण्याचं काम नाही, कार्बन मोनॉक्साइडसारखे हलके बर्फ असतात. त्यांच्यासाठी बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्तात घटतं असं धरणं बरं.

गुणांक उगाच घालू नयेत. प्रत्येक नवा गुणांक १/ए ची अनिश्चितता वाढवतो आणि रेसिड्युअल खोटे गोंडस करतो. उपसूर्य अंतर मोठं असेल, माग लहान असेल आणि फरकांत एकाच दिशेची वाढ दिसत नसेल तर नकोतच. मूळ कक्षाच हवी असेल तर सोपा मार्ग म्हणजे फक्त आत येतानाच्या, ३ एककांपलीकडच्या नोंदी वापरणं. वायूचा धक्का न धरल्यामुळे उणे १/ए मिळालेले कितीतरी धूमकेतू तो धरल्यावर लंबवर्तुळात परत आले आहेत.

१८. धूमकेतू ग्रहाजवळून गेला किंवा फुटला तर?

जवळून गेला तर आधीची आणि नंतरची कक्षा दोन वेगळ्या गोष्टी समजा. बोवेलचा सी/१९८० ई१ डिसेंबर १९८० मध्ये गुरूपासून ०.२३ एककांवरून गेला, त्याची उत्केंद्रता १.०५७ झाली आणि तो आता सौरमाला सोडून चालला आहे. तो आला मात्र आपल्याच ऊर्ट मेघातून. अशा भेटीजवळ गणिताची पायरी आपोआप लहान होईल अशी सोय हवी. १० दिवसांची ठरावीक पायरी तिथे फसते.

फुटला तर प्रत्येक तुकड्याची कक्षा स्वतंत्र काढा आणि फुटण्यानंतरच्या नोंदी आधीच्यांत मिसळू नका. सी/२०१९ वाय४ २०२० मध्ये फुटला तेव्हा सर्वांत तेजस्वी बिंदू कोणत्या तुकड्याचा, हेच रात्रीगणिक बदलत होतं. हाच धूमकेतू १८४४ च्या मोठ्या धूमकेतूच्या कक्षेत फिरतो, म्हणजे दोघे एकाच जुन्या पिंडाचे भाग असावेत. नवी कक्षा निघाली की कल, पात आणि उपसूर्य कोन जुन्या यादीशी ताडून पाहण्याची सवय यासाठीच लावावी.

१९. "ऊर्ट मेघातून पहिल्यांदाच आला" हे कशावरून म्हणतात?

खगोलशास्त्रज्ञ ऊर्टने १९५० मध्ये १९ धूमकेतूंच्या मूळ कक्षा मांडल्या आणि बरेचसे १/ए शून्याजवळच्या एका अरुंद ढिगात पडतात हे दाखवलं. ग्रहांच्या प्रदेशातली एक फेरी १/ए सहज काहीशे दशलक्षांशांनी हलवते, मग ढीग टिकला कसा? तिथले धूमकेतू बहुधा याआधी आतवर आलेले नसावेत, हा त्याचा युक्तिवाद.

एका धूमकेतूबद्दल मात्र एवढ्यावर ठाम बोलता येत नाही. १/ए १०० च्या खाली असला तरी मागच्या फेरीत त्याचं उपसूर्य अंतर किती होतं, ते काढावं लागतं. एवढ्या लांबवर आकाशगंगेची भरती-ओहोटीसारखी ओढ आणि जवळून जाणारे तारे ते अंतर बदलत असतात. करायचं असं: नोंदींत त्यांच्या अनिश्चिततेएवढा यादृच्छिक गोंगाट मिसळून कक्षेच्या काही हजार प्रती तयार करा, सगळ्या एक पूर्ण फेरी मागे न्या आणि मागचं उपसूर्य अंतर कुठे कुठे पडतं ते पाहा. जवळजवळ सगळ्या प्रती १५–२० एककांपलीकडे राहिल्या, म्हणजे गुरू-शनीच्या झटक्यापासून सुरक्षित, तर "नवा" म्हणा. निम्म्या आत आणि निम्म्या बाहेर पडल्या तर तेच लिहा, टक्केवारीसह.